स्वर गाळलेली गाणी

आमच्या सावेडीच्या घरात एकदा इलेक्ट्रिशियन इन्व्हर्टर उघडून बसला होता. ह्यांनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. सकाळपासून घरात कुठूनतरी घूं घूं आवाज येतोय आणि तो मध्येच वाढतोय, अशी ह्यांची तक्रार होती. इलेक्ट्रिशियननं बॅटरीतलं पाणी पाहिलं, पंख्याखाली उभं राहून कान दिला, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. मी आतल्या खोलीत दार लावून काम करत होते. शेवटी तो माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "मॅडम, आवाज हितून येतोय."

मी स्पीकर बंद केला. घूं घूं थांबलं.

तो पुण्याच्या एका मुलीचा नवा अल्बम होता आणि त्यावर मला त्याच आठवड्यात लिहून द्यायचं होतं. जाताना इलेक्ट्रिशियननं ह्यांना हळूच विचारलं, "त्या काय काम करतात?" ह्यांनी सांगितलं, "गाण्यांवर लिहिते." चपला घालताना त्यानं माझ्या खोलीकडे एकदा वळून पाहिलं. आजारी माणसाच्या खोलीकडे पाहतात तसं.

माझं काम समजावून सांगायला अवघड नाही. नगरच्या एका दैनिकात मी रविवार पुरवणीच्या विभागात होते. आलेले लेख दुरुस्त करायचे, मथळे द्यायचे, मुद्रितं तपासायची, ही नोकरी. त्यातच नव्या अल्बमवर लिहायचं सदर माझ्याकडे आलं, कारण विभागात गाणं शिकलेली मी एकटीच होते. कुणी गाण्यांची कॅसेट काढली की ती कचेरीत यायची, मी ती ऐकायचे आणि कशी वाटली ते लिहायचे. वाचणाऱ्यानं ते वाचून ठरवायचं, घ्यायची की नाही. ऐकण्याची माझी एक पद्धत होती, अजून आहे. पहिल्यांदा काही न लिहिता नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, कागद घेऊन. आणि शेवटी एकदा भाजी निवडताना, कारण लोक गाणी तशीच ऐकतात. भाजी निवडताना हात थांबला तर त्या गाण्यात काहीतरी आहे. भक्तिगीतं असोत, भावगीतं असोत की लावण्या, ही फूटपट्टी कधी दगा देत नव्हती. आवाज कसा आहे, चाल कशी आहे, शब्द कळतात का, तबलजी घाई करतोय का, एवढं पाहिलं की लिहून मोकळं होता यायचं.

मी निवृत्त झाले तरी सदर माझ्याकडेच राहिलं. मग पुरवणीला नवा संपादक आला. रोहन. माझ्या भाच्याच्या वयाचा. तो एक दिवस म्हणाला, "ताई, भावगीतांचे अल्बम आता येतच नाहीत. लोक एकेक सुटं गाणं काढतात. अख्खा अल्बम काढतात ते हे प्रयोगवाले. तुम्ही त्यांच्यावर लिहा."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते जे लिहितात, ते वाचकाला कळत नाही."

मी हो म्हणून बसले. तेव्हापासून मी भोगते आहे.

प्रयोगवाले म्हणजे कोण, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही मुलं लॅपटॉपवर गाणी करतात, पण गात नाहीत आणि बहुतेकदा वाजवतही नाहीत. यंत्रातून काढलेले किंवा बाहेर जाऊन टिपलेले आवाज घेतात, ते ताणतात, कापतात, उलटे फिरवतात, एकावर एक रचतात. चाल नसते. ताल असलाच तर कान रुळायच्या आत सोडून देतात. शब्द नसतात. ह्यातलं काही काही फार सुंदर असतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल बाई नुसती कुरकुर करते. राळेगणसिद्धीच्या बाजूच्या एका मुलानं बंधाऱ्यावरून पडणारं पाणी टिपून ते इतकं सावकाश केलं होतं की प्रत्येक थेंब घंटेसारखा वाजत होता. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. पण असा एखादाच. बाकीच्यांनी माझा जीव नकोसा केला.

पहिला त्रास टिपणांचा. प्रत्येक अल्बमसोबत कलाकाराचं टिपण येतं. एकानं लिहिलं होतं, 'ही रचना अवकाशाच्या विखंडित स्मृतींशी अ-संवाद साधते.' मी जन्मभर लोकांची वाक्यं दुरुस्त केली, पण ह्या वाक्याला कुठून हात घालावा ते कळेना. मी त्याला फोन करून विचारलं, "अ-संवाद साधते म्हणजे बोलते की बोलत नाही?"

"दोन्ही," तो म्हणाला. आणि मी समाधान झाल्यासारखं 'बरं' म्हणून फोन ठेवला, ह्याचा मला जास्त राग आला.

दुसरा त्रास श्रीरामपूरच्या एका इंजिनिअरनं दिला. त्याच्या अल्बममधली पहिली रचना मी सुरू केली, तर काही ऐकू येईना. आवाज वाढवला. काही नाही. स्पीकरची वायर काढून परत लावली. काही नाही. बऱ्याच वेळानं एक 'टक' झालं आणि पुन्हा सगळं शांत. मी त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, "अहो, फाइल बिघडली आहे का?" त्याला केवढा आनंद झाला. असा प्रश्न पडावा, हाच त्या रचनेचा हेतू होता म्हणे. त्यानं पुढच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर, अवतरणचिन्हांत, खाली माझं नाव घालून छापलं: 'फाइल बिघडली आहे का?' एवढी वर्षं मी लिहीत आले, पण माझं वाक्य कुणी उचलून छापलं ते हे एकच. वर ओळखीच्या लोकांनी फोन करून माझं अभिनंदन केलं.

भिंगारच्या नितीनचा अल्बम माझ्याकडे आला, त्या वेळी मी ह्या सगळ्या मंडळींवर अशी आधीच वैतागलेली होते.

नितीन सुप्याच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करतो आणि सुटीच्या वेळात संगीत करतो. अल्बमवर त्यानं स्वतःचं नाव छापलं होतं ते असं: न्त्न्. मी मुद्रितशोधकाच्या सवयीनं त्याला फोन केला. नावात चूक झाली आहे, वेलांट्या गळल्या आहेत, म्हटलं. तो म्हणाला, "चूक नाही. मी स्वर काढून टाकलेत." नावातले स्वर ज्यानं काढले तो गाण्यातले ठेवणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. अल्बमचं नाव 'स्थिर'. टिपणात एकच वाक्य: 'इथे ऐकणारा हाच आवाजाचा उगम आहे.' मी कपाळावर हात मारला आणि अल्बम लावला.

एक शिट्टी सुरू झाली. ती चालूच राहिली. मी वाट पाहिली की पुढे काहीतरी होईल. अल्बम पाऊण तासाचा होता आणि पुढे काही होत नव्हतं. पहिल्या वेळी मी खोलीबाहेर निघून गेले. हेडफोन लावून ऐकायला बसले तर डोकं ठणकायला लागलं. गवार मोडताना लावला तेव्हा हात थांबला खरा, पण तो कान झाकायला.

मी लिहिलं ते आठवतं तसं देते. 'उंच, एकसुरी शिट्टी. कुकरची नव्हे. जुना टीव्ही चालू असला की शेजारच्या खोलीत बारीक ऐकू यायची तशी. तिच्यामागे गळक्या नळीतून पाणी फवारावं तसा स्स्स आवाज. दोन्ही कधीच थांबत नाहीत. दहा मिनिटांत माझं डोकं उठलं आणि मी बाहेर गेले. ज्यांना खोलीबाहेर जाता येतं त्यांनी जावं.'

छापून आल्यावर रोहननं कळवलं की फार दिवसांनी वाचकांनी सदर शेवटपर्यंत वाचलं. मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी मी ओट्यापाशी असताना, दाराशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. नीट नेसलेलं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेलं वर्तमानपत्र.

"गान्यावर लिव्हनाऱ्या बाई तुमीच का?"

"हो."

"मी सुमन. भिंगारहून आलेय. नितीनची आई."

पत्ता कुणी दिला, हे विचारायची गरज नव्हती. रोहन मागेल त्याला माझा पत्ता देतो. कलाकारांची भांडणं मी फोनवर बरीच ऐकली आहेत, पण कुणाची आई घरी आली नव्हती. मी मनात उत्तरं जुळवत त्यांना बसायला सांगितलं आणि चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"आमची बाजारात पिठाची गिरनी हाय," त्या म्हणाल्या. "मालक जलमभर गिरनीतच बसले. लई वरसं झाली, ते म्हनत्यात, माझ्या कानात शिट्टी वाजती. रातध्याड. डाक्टरला दाखिवलं. डाक्टर म्हनला, ह्याला औषद न्हाई, वयानं बी हुतं, सवय हुईल. मला काय ते पटलं न्हाई बघा. मी हाक मारली की ह्यांना ऐकू जायाचं न्हाई, आन् गिऱ्हाइकानं हाक मारली की जायाचं. मी म्हनायची, कामाच्या वक्ताला बरी शिट्टी वाजती तुमची."

अजून ह्याचा माझ्याशी काय संबंध, ते मला कळत नव्हतं.

"झोपताना रेडू लावत्यात. टेशन न्हाई काय न्हाई, नुसती खरखर. मी उठून बंद करायची. ते उठून परत लावायचे. ह्याच्यावरनं आमी किती भांडलो ते इचारू नका. पावन्यांत बी मी सांगितलं, सोंग हाय समदं."

मग त्यांनी वर्तमानपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. घडी माझ्या सदरावर होती.

"ह्याचं कातरन नितीननं कपाटाच्या दारावर चिकटवलं हुतं. वाईट लिव्हलं तरी चिकटवलं, तसलंच हाय ते पोरगं. मी वाचलं. नळीतनं पानी फवारल्यावानी. बाई, हे यांचं बोलनं हाय. हेच शबूद ते मला सांगायचे. मी पोराला धरलं, खरं सांग म्हनलं. तर म्हनला, आई, बाबांच्या कानातला आवाज हाय त्यो. त्यांना इचारून इचारून मी तयार केला."

"मग तुम्ही ऐकलात?"

"त्यानं ते कानाला लावायचं मला लावलं. दोन मिनटं बी न्हाई काढली. म्हनलं, बंद कर. त्यानं केलं बंद." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमी लिव्हलंय, ज्यांना खोलीभाईर जाता येतं त्यांनी जावं. यांनी कुठं जायाचं?"

मी उठून त्यांचा चहा गरम करायला घेऊन गेले.

मी परत आल्यावर त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी ही गोष्ट घरी मालकांना, म्हणजे दत्तोबांना सांगितली होती. आपलं चुकलं, असंही म्हणाल्या होत्या. पण दत्तोबा भलत्याच गोष्टीवर भडकले. नितीन आपल्याला आवाज कसा येतो, कुठल्या कानात जास्त, असं इतके दिवस विचारत होता ते डॉक्टरसाठी, अशी त्यांची समजूत होती. आपलं दुखणं लोकांना ऐकवायला ठेवलं आणि वर पेपरात आलं, हे कळल्यापासून ते मुलाशी बोलेनासे झाले होते. दोघं एका घरात, आणि निरोप सुमनबाईंनी इकडून तिकडे न्यायचे.

"तुमी येऊन सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "पोरानं काय वाईट केलं न्हाई म्हनून."

"अहो, मी तर वाईट आहे असंच लिहिलंय."

"तेच की. वाईट लिव्हनारीनं सांगितलं तर पटंल."

मी त्यांना म्हणाले की माझं काम ऐकून लिहायचं आहे. लोकांच्या घरी जाऊन बापलेकांचा समेट करायचं नाही. गाणाऱ्याच्या घरी जायचं नाही, हा तर माझा जुना नियम. चहा प्यायला की लेखणी बोथट होते. हे सगळं मी बोलले आणि रविवारी भिंगारला गेले. जाताना रिक्षात मी रोहनवर, नितीनवर आणि स्वतःवर आळीपाळीनं चिडत होते.

गिरणी रस्त्याला लागून आणि मागे घर. रविवारी दुपारी गिरणी बंद होती, तरी पिठाचा वास होता आणि खिडकीच्या गजांवर, मीटरवर, देवाच्या फोटोच्या चौकटीवर पांढरा थर होता. नितीन एका कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मी फोनवर ऐकलेल्या आवाजावरून शिष्ट चेहऱ्याचा मुलगा डोळ्यांपुढे आणला होता. प्रत्यक्षात तो हाडकुळा, दाढी वाढवलेला आणि रडवेला दिसत होता. दत्तोबा खुर्चीवर सरळ बसले होते. ते मोठ्यानं बोलत, मोठ्या आवाजाच्या शेजारी आयुष्य काढलेली माणसं बोलतात तसं.

"तुमीच का त्या? डोकं उठलं म्हनून लिव्हनाऱ्या?"

"मीच."

मी तयारी करून गेले होते. मुलाचा हेतू वाईट नव्हता, कलेत असं करतात, अशी चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही बोलायची वेळ आली नाही.

"बरोबर लिव्हलं तुमी," दत्तोबा म्हणाले. "डाक्टर म्हनला, सवय हुईल. ही म्हनली, सोंग हाय. तुमी धा मिनटांत उठून गेल्या. म्हंजी आवाज हाय."

"आहे."

"लई वाईट हाय?"

"फार वाईट आहे," मी म्हटलं. "मी इतक्या वर्षांत इतकं वाईट काही ऐकलं नाही."

त्यांनी सुमनबाईंकडे पाहिलं. "ऐकलं का?"

सुमनबाई पोह्यांच्या बशा मांडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ऐकलं," म्हणाल्या.

मी आयुष्यभर लोकांच्या गाण्याबद्दल चांगलं लिहिलं, जपून लिहिलं, विशेषणं तोलून वापरली, आणि कुणी इतक्या समाधानानं मान डोलावली नव्हती. डोलावली ती ह्या निंदेवर, आणि तीही ज्याला गाण्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसानं. आता ह्याला काय म्हणावं.

"मग नितीनवर राग कशाचा?" मी विचारलं.

"मला न सांगता केलं."

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," नितीन कोपऱ्यातून म्हणाला. बऱ्याच दिवसांनी बापाशी बोललेलं ते पहिलं वाक्य असावं, कारण सुमनबाईंचा हात बशीवरच थांबला.

"व्हय. म्हनलोच असतो."

आता माझा संयम सुटला. मी नितीनला म्हटलं, "तू टिपणात हे का लिहिलं नाहीस? उगम बिगम काय लिहिलंस? हा माझ्या वडिलांच्या कानातला आवाज आहे, एवढं सरळ एक वाक्य लिहिता येत नव्हतं?"

"लिहिलं असतं तर सगळ्यांनी दया म्हणून ऐकलं असतं," तो म्हणाला. "तुम्हीसुद्धा चांगलं लिहिलं असतं. मग यांना कोण सांगणार होतं की हे सहन होत नाही?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. टिपणात ते वाक्य असतं तर मी 'हृद्य प्रयत्न' असं काहीतरी लिहून पुढच्या अल्बमकडे वळले असते. ह्या मुलांचा वैताग हाच आहे. पुष्कळदा ती नुसती आव आणत असतात, आणि मधूनच एखादा खरं बोलून जातो. कुठला कुठला ते आधी ओळखू येत नाही.

दत्तोबा आमचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोचलं कोण जाणे. मध्येच म्हणाले, "मला ऐकवा तरी. माझा हाय म्हनता, आन् म्याच ऐकला न्हाई."

तोवर हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नितीननं घाईनं स्पीकर जोडला आणि शिट्टी सुरू केली. दत्तोबांनी हनुवटी छातीला टेकवली, डोळे मिटले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत बसलो.

"ह्यो न्हाई," ते म्हणाले.

नितीनचा चेहरा पडला. इतक्या महिन्यांचं काम होतं त्याचं.

"वाईच खाली घे."

नितीननं लॅपटॉपवर काहीतरी सरकवलं. शिट्टी किंचित उतरली.

"अजून. ... न्हाई, लई झालं. वर. हां, थांब. त्यो पान्याचा आवाज बारीक कर. अजून बारीक."

मी गाणं शिकताना तंबोरा लावायला शिकले आहे. खुंटी पिळायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा पिळायची. तार नेमकी लागली की लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते आधी दिसतं. दत्तोबांच्या चेहऱ्यावर तसंच दिसलं. त्यांनी फक्त हात वर केला. नितीननं बोटं उचलली. खोलीत ती शिट्टी भरून राहिली आणि दत्तोबा तिच्यात तसेच बसून राहिले. नितीनही बसून राहिला. दोघांनाही घाई नव्हती. माझं मात्र डोकं पहिल्यासारखंच उठायला लागलं होतं. पोह्यांची बशी हातात होती आणि घास उतरत नव्हता. शेवटी मला राहवेना.

"आता बंद कर रे बाबा," मी म्हटलं.

नितीननं बंद केली.

रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. दत्तोबांनी डोळे उघडले. वर पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा पंख्याकडे.

"थांबलं," ते म्हणाले. त्यांचा बोलण्याचा आवाज एकदम खाली आला होता, आपल्यासारखा.

"बंद केलं की मी," नितीन म्हणाला.

"तुझं न्हाई. माझं थांबलं."

कुणालाच काही कळेना. दत्तोबा सुमनबाईंकडे वळले. "बोल की कायतरी."

"काय बोलू?" सुमनबाई गडबडून म्हणाल्या. "आसं एकदम कसं सुचंल?"

ते त्यांच्याकडे बघत थांबले. सुमनबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पदर सारखा केला. मग दत्तोबांचे खांदे खाली आले.

"आलं परत," ते म्हणाले.

पुढे मी ओळखीच्या एका कानाच्या डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. काहींच्या बाबतीत असं होतं, म्हणाले. मिळताजुळता आवाज थोडा वेळ ऐकवून बंद केला की आतला आवाज काही क्षण गप्प बसतो. सगळ्यांचा बसत नाही. तो काही उपचार नव्हे, मुलाला सांगा आवाज फार मोठा ठेवू नकोस, आणि वडिलांना एकदा पुन्हा दाखवून घ्या. मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. नितीन वडिलांना घेऊन गेला, एवढं मला माहीत आहे. पण त्या दुपारी आमच्यातल्या कुणालाच ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"परत लाव रे," सुमनबाई मुलाला म्हणाल्या. "ह्या खेपेला मी तयार ऱ्हाते." मग जरा विचार करून म्हणाल्या, "न्हाई तर मलाच दाखव, कुठलं बटन दाबायचं."

नितीननं त्यांना चालू करायचं आणि बंद करायचं बटण दाखवलं. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि बटणावर ठेवलं. दत्तोबांनी खुर्ची लॅपटॉपच्या जवळ ओढली. मी पोहे तसेच ठेवून उठले. मला निरोप द्यायचं कुणाला सुचलं नाही. नितीन तेवढा गिरणीच्या दारापर्यंत आला.

"मग आता परीक्षण बदलणार का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आत्ता पाहिलंत तरी?"

"आत्ता पाहिलं ते चांगलं काम होतं. अल्बम वाईटच आहे. पाऊण तास कुणी ऐकणार नाही."

तो हसला. मला वाटलं, निदान हे तरी त्याला पटलं. पण तो म्हणाला, "पुढचा अल्बम मला सुचलाय. शिट्टी काढूनच टाकायची. ती थांबल्यावरची जागा तेवढी ठेवायची."

"म्हणजे पाऊण तास काहीच नाही?"

"काहीच नाही."

मी त्याला हात जोडून सांगितलं, तो माझ्याकडे पाठवू नकोस. तो त्या रिकाम्या जागेचं महत्त्व मला समजावून सांगायला लागला. अवकाश हा शब्द आलाच. मी चपला शोधत होते.

आत शिट्टी सुरू झाली. भिंतीआडून ती तेवढी वाईट वाटत नव्हती. बराच वेळ चालली आणि बंद झाली. आणि लगेच सुमनबाईंचा आवाज आला, खालचा, भरभर, एसटी सुटायला लागल्यावर खिडकीशी उभं राहून बोलतात तसा. शब्द कळत नव्हते. मग दत्तोबा काहीतरी म्हणाले आणि दोघं हसली. पुन्हा शिट्टी लागली.

नितीन बोलायचा थांबला होता. शिट्टी थांबायची वाट बघत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.